साडेपाचच्या आधीच्या पावत्या

नोकरीचं दुसरं वर्ष, फेब्रुवारी महिना. सकाळी सातला फोन वाजला. पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसचं पावत्यांचं सॉफ्टवेअर तेव्हा माझ्याकडे होतं. हंगाम ऐन भरात होता, रात्रभर गाड्या भरल्या जात होत्या. तिथले मॅनेजर म्हणाले, "सर, वजनकाट्याच्या वहीतला आकडा आणि तुमच्या रिपोर्टचा आकडा जुळत नाहीये. कालचा माल जास्त दाखवतोय, आजचा कमी."

मी लॅपटॉप उघडला, एक पावती करून पाहिली. तारीख बरोबर आली. "माझ्याकडे तर चालतंय," असं सांगितलं आणि पुढचे दोन दिवस रिपोर्टची क्वेरी, म्हणजे साठवलेल्या माहितीतून आकडे काढणारी आज्ञा, उलटीपालटी करत बसलो. चूक बेरजेतच असणार हे मी आधीच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे दुसरीकडे बघितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या टीममधल्या सीनियर ताई शेजारी येऊन बसल्या. स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "तुला काय वाटतंय ते राहू दे. काय दिसतंय ते कागदावर लिही." मी मॅनेजरांकडून चुकलेल्या पावत्यांचे फोटो मागवले आणि वेळा एकाखाली एक उतरवल्या. १२:४०, २:१५, ४:५०, ५:२०. सगळ्यांवर आदल्या दिवसाची तारीख. ५:३५ ची पावती मात्र बरोबर. यादी पुरी व्हायच्या आतच माझा हात थांबला.

बहुतेक सर्व्हर वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि तीही यूटीसीप्रमाणे, म्हणजे शून्य रेखांशाच्या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. आपली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. १५ अंशांना एक तास धरला की यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे नाशकात पहाटेचे ५:२० वाजलेले असतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवसाचे रात्रीचे ११:५० झालेले असतात. दोन आठवड्यांपूर्वी आम्ही ते सॉफ्टवेअर ऑफिसातल्या मशिनवरून क्लाउडवर हलवलं होतं. जुन्या मशिनचं घड्याळ भारतीय वेळेवर होतं, नव्या सर्व्हरचं यूटीसीवर. कोडची एक ओळही बदललेली नव्हती. वेळ साठवायची यूटीसीत आणि तारीख काढताना ती आधी भारतीय वेळेत आणायची, एवढीच दुरुस्ती. लिहायला वीस मिनिटं लागली. जुन्या पावत्यांच्या तारखा नीट करायला मात्र आख्खा दिवस गेला, आणि त्या दिवशी मॅनेजर वही घेऊन फोनवर माझ्यासोबत बसले होते.

तेव्हापासून टेबलावर एक साधी दोनशे पानी वही असते. कोणताही बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, आला की कोडला हात लावण्याआधी चार ओळी लिहितो: काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, कधी होतं आणि कधी होत नाही, अलीकडे काय बदललं. तिसरी ओळ सगळ्यात मोलाची. कधी होत नाही हे कळलं की शोधायची जागा निम्मी होते. आमच्याकडे नवीन आलेली मुलं "सर, चालत नाहीये" म्हणत येतात, तेव्हा मी त्यांना आधी वही देतो. निम्मी मुलं तिसऱ्या ओळीपाशीच "कळलं सर" म्हणून परत जातात.

तसंच एरर वाचण्याचं. लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करायची घाई होते, पण उत्तर बहुतेक वेळा तिथेच छापलेलं असतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. जावात खाली जात जात शेवटचं 'कॉज्ड बाय' शोधा आणि त्याखाली आपल्या फाइलचं नाव पहिल्यांदा कुठे येतं ते बघा. मोठ्याने वाचलंत तर आणखी बरं.

मराठीत काम करणाऱ्या ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणार असाल तर एक गोष्ट पहिल्याच महिन्यात करून बघा. 'नमस्कार' या शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेला विचारा. आपल्याला चार अक्षरं दिसतात, ते सात सांगतं, कारण हलन्त आणि काना वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत हाच शब्द २१ बाइट घेतो. एसएमएसमध्ये साध्या इंग्रजीला १६० अक्षरांची जागा मिळते, देवनागरीला ७० ची. शेतकऱ्याला जाणारा मजकूर मराठीत केला की एकाचे दोन-तीन एसएमएस होतात आणि बिल तेवढंच वाढतं. आम्ही मजकूर आटोपशीर केला, मराठी सोडली नाही. आपला माल किती किलो भरला हे माणसाला आपल्या भाषेत वाचता यायला हवं, यावर मी ठाम आहे.

दिवसाचं म्हणाल तर सकाळचे पहिले दोन तास मी अवघड कामाला देतो. फोन ड्रॉवरमध्ये, मेल बंद. मीटिंगा, फोन, किरकोळ दुरुस्त्या हे सगळं जेवणानंतर. लाइट कधीही जाऊ शकते म्हणून गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, छोटे छोटे कमिट (बदलांच्या नोंदी) करतो आणि लगेच पुश करतो, म्हणजे सर्व्हरवर पाठवतो. गिट २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्ससाठी तयार केलं, पण एखादं सॉफ्टवेअर एकट्याने सांभाळणाऱ्यालाही ते तितकंच उपयोगी पडतं. कमिटमध्ये 'फिक्स' एवढंच लिहू नका. 'पहाटेच्या पावत्यांची तारीख भारतीय वेळेनुसार' असं लिहिलेलं तीन वर्षांनी मलाच कामाला आलं.

एआयची मदत मीही रोज घेतो. फक्त विचारण्याआधी माझा अंदाज वहीत लिहितो. अंदाज चुकला तर का चुकला हे कळतं. अंदाजच नसेल तर आलेलं उत्तर बरोबर की चूक, हे तरी कशावरून ठरवणार?

आणि नवीन मुलांकडून हमखास येणारा प्रश्न: नोकरीसाठी पुण्याला जाऊ का? शिकायला मोठी टीम हवी असेल तर जरूर जा, तिथे कामं जास्त आहेत. पण नाशकातल्या लहान कंपनीत पहिल्याच वर्षी ग्राहकाशी थेट बोलायला मिळतं. अंबडच्या कारखान्यात नाहीतर पॅकहाउसमध्ये उभं राहून तुमचा स्क्रीन कोण, कशा हातांनी वापरतं ते बघता येतं. पॅकिंग लाइनवरच्या बायकांच्या हातात मोजे असतात हे पाहिल्यावर मी बटणं मोठी केली. ऑफिसात बसून मला ते सुचलं नसतं.

संध्याकाळी उठताना वहीत शेवटची ओळ लिहितो: 'उद्या इथून'. काम अर्धवट असेल तर फारच उत्तम, सकाळी सुरुवात शोधत बसावं लागत नाही. कालची ओळ अशी आहे: 'उद्या इथून – काट्यावरून वजन दोनदा येतं, पण फक्त पहिल्या गाडीला. रात्रपाळीच्या ऑपरेटरला फोन करून विचारायचं, मशिन किती वाजता चालू करतात.'