अ‍ॅल्युमिनियमवर प्लेटिंग: या चुका टाळा

प्लेटिंगला फोड आले की आधी निकेलच्या टाकीला दोष दिला जातो. अ‍ॅल्युमिनियमचा जॉब, म्हणजे प्लेटिंगला आलेला भाग, बहुतेक वेळा तिथे पोचण्याआधीच बिघडलेला असतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या सगळ्या ग्रेडला एकच डिस्मट, म्हणजे कॉस्टिकनंतर उरलेली काळी पूड अ‍ॅसिडने काढणं. ६०६३ ग्रेडचं एक्सट्रूजन (साच्यातून दाबून काढलेली पट्टी) कॉस्टिक सोड्यानंतर ५० टक्के नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये स्वच्छ होतं. त्याच लाइनवर एडीसी१२ या ग्रेडच्या कास्टिंगचा (ओतकामाचा) लॉट चढवला की काय होतं ते पाहा: टाकीतून माल चकचकीत निघतो, तपासणीत पास होतो आणि ओव्हनमध्ये तापवताच फोड उठतात. पापुद्रा नखाने उचकटा, खाली काळी पूड दिसेल. ते सिलिकॉन. या ग्रेडमध्ये ते साधारण १० ते १२ टक्के असतं आणि नुसत्या नायट्रिकमध्ये विरघळत नाही. त्याच नायट्रिकमध्ये लिटरला १२० ग्रॅम अमोनियम बायफ्लोराइड लागतं. त्यातून एच-एफ (हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड) तयार होतं, म्हणून प्लॅस्टिकची टाकी, एक्झॉस्ट, हातमोजे आणि जवळ त्याने भाजल्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हवंच. डिस्मटनंतर धुतलेल्या जॉबवर ओलं पांढरं फडकं घासा. काळं उतरलं तर पुढे जाऊ नका. कास्टिंगला कॉस्टिकही बेताचंच. जास्त वेळ ठेवलं की उघडं पडणारं सिलिकॉन वाढतं.

दुसरी चूक, वेळ वाचवायला एकदाच झिंकेट, म्हणजे प्लेटिंग धरावं म्हणून द्रावणात बुडवून बसवलेला जस्ताचा थर. पहिला थर जाडाभरडा बसतो. ४५ सेकंदांनी काढा, ५० टक्के नायट्रिकमध्ये पूर्ण उतरवा, नीट धुवा आणि पुन्हा २० ते ३० सेकंद बुडवा. हा दुसरा थर पातळ, बारीक दाण्याचा आणि एकसारखा करडा दिसतो, पकड त्याचीच. ‘जास्त ठेवलं तर जास्त धरेल’ हा नवख्यांचा हट्ट सोडा. जाड जस्त भुसभुशीत होतं. बाथ २५ अंशांच्या आसपास ठेवा. उन्हाळ्यात तो तापतो आणि जस्त भसाभसा बसतं.

डीग्रीझिंगनंतर (तेल-ग्रीस काढल्यावर) जॉबवरचं पाणी सलग न पसरता थेंबाथेंबाने तुटत असेल तर परत डीग्रीझिंग.

झिंकेटनंतर जॉब लटकत ठेवून फोन घेऊ नका. धुवा आणि ओलाच स्ट्राइकमध्ये, म्हणजे पहिला पातळ तांब्याचा थर देणाऱ्या टाकीत, घाला.

कॉपर सायनाइड स्ट्राइकमध्ये जॉब करंट चालू ठेवूनच बुडवा: बाथचा पीएच १०.२ ते १०.५, पहिली दोन मिनिटं चौरस डेसिमीटरला २.६ अँपिअर, मग १.३. नायट्रिकचं आणि सायनाइडचं धुवण पाणी एका गटारात कधीच सोडू नका. त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो आणि माणूस जातो.