न्यायाधीशांपर्यंत पोचण्याआधीच दावा घालवणाऱ्या या चुका टाळा

देशातल्या न्यायालयांत 5 कोटींहून जास्त प्रकरणं तुंबली आहेत हे आपण नेहमी ऐकतो, आणि न्याय मिळत नाही याचं सगळं खापर त्या ढिगावर फोडतो. ढीग खराच आहे. पण कित्येक माणसं त्या ढिगापर्यंतही पोचत नाहीत. कुणी ठाण्यातून भलताच कागद घेऊन घरी येतो, कुणी मुदत उलटून गेल्यावर वकील गाठतो, कुणी बेलिफाने, म्हणजे कोर्टाच्या कर्मचाऱ्याने, आणलेलं समन्स हातातच घेत नाही. दोष त्यांचा थोडा आणि व्यवस्थेचा फार मोठा आहे. ज्या नियमावर माणसाची जमीन, पगार किंवा सुटका अवलंबून असते, तो नियम त्याला समजेल अशा शब्दांत सांगायची तसदी फार कमी लोक घेतात. याचा मला राग येतो. म्हणूनच इथे सविस्तर लिहितो आहे.

एनसी मिळाली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं समजणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. बांधावरून वाद झाला, शेजाऱ्याने मारहाण केली, मनगट सुजलं. माणूस ठाण्यात गेला. ठाणे अंमलदाराने लिहून घेतलं, सही घेतली, एक कागद दिला. घरी येऊन त्याने सगळ्यांना सांगितलं की केस केली. पुढे महिना गेला, दोन गेले, पंचनाम्याला कुणी फिरकलं नाही.

तो कागद आता नीट वाचा. वरच्या बाजूला ‘अदखलपात्र’ असं लिहिलेलं असतं, यालाच एनसी म्हणतात. कलमं बहुतेक वेळा भारतीय न्याय संहितेची 115(2), 352 आणि 351(2), म्हणजे साधी दुखापत, शिवीगाळ आणि धमकी. आणि अगदी खाली, घाईत कुणी न वाचणारी ओळ असते: फिर्यादीस न्यायालयात दाद मागण्याची समज दिली. या ओळीचा अर्थ असा, की पोलीस यात पुढे काही करणार नाहीत. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय अदखलपात्र गुन्ह्याचा तपास त्यांना करताच येत नाही.

सुजलेल्या मनगटाचा एक्स-रे मात्र सगळं बदलू शकतो. हाड मोडलेलं निघालं तर कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते, कलम 117(2) लागतं आणि गुन्हा दखलपात्र होतो. म्हणून मारहाण झाली की त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, ठाण्यातून तपासणीचं पत्र घेऊन जा, आणि डॉक्टरांना प्रत्येक जखम लिहायला सांगा. एनसी आधीच झाली असेल तर वैद्यकीय दाखला जोडून ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि कलम वाढवायची मागणी करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. तोंडी सांगितलेलं पुढे सिद्ध करता येत नाही.

दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवून घेत नसतील तर ठाण्याच्या पायरीवर रोज जाऊन विनवण्या करत बसू नका. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पुढचा रस्ता दिला आहे. कलम 173(4) खाली तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. तिथेही दखल घेतली नाही तर कलम 175(3) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. त्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि अधीक्षकांकडे आधी गेल्याचा पुरावा लागतो. बरेच अर्ज नेमके इथेच अडकतात, कारण मधली पायरी गाळलेली असते.

‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, तो नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. माहिती ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करायला विसरू नका. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला फुकट मिळते. तो तुमचा हक्क आहे. आणि सही करण्याआधी लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. तेही पोलिसांचं कायदेशीर कामच आहे.

‘देतो, देतो’ म्हणणाऱ्याची वाट पाहणं

हातउसने दिलेल्या पैशांचा दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. आपल्याकडे नात्यात, ओळखीत पैसे दिलेले असतात. दिवाळीनंतर देतो, ऊस गेला की देतो, असं करत तीन वर्षं निघून जातात. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. समोरच्याने मुदत संपण्याआधी देणं कबूल असल्याचं लिहून सही दिली तर मात्र त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. कोर्टात जायला संकोच वाटत असेल, तर निदान एवढा कागद तरी मागून घ्या. जो खरंच देणार आहे तो सही द्यायला कचरत नाही.

चेक न वटण्याच्या प्रकरणात मुदती फारच आखूड आहेत. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस असतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात तक्रार दाखल व्हायला हवी. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीच्या उशिराला ती सोय नाही. पण नोटिशीचे 30 दिवस हुकले आणि चेकच्या तारखेपासूनचे तीन महिने अजून उलटले नसतील, तर चेक पुन्हा बँकेत भरा. तो पुन्हा परत आला की त्या दिवसापासून नोटिशीची मुदत नव्याने मिळते. वकिलाकडे जाताना चेक, बँकेचा मेमो आणि नोटिशीची पोच एकत्र न्या.

ग्राहक तक्रारीला दोन वर्षं आहेत. तिथे वकील लावायचं बंधन नाही.

समन्स नाकारलं की बला टळली असं मानणं

बेलीफ दिसला की दार लावून घेणं, घरच्यांना ‘गावाला गेलेत’ म्हणायला सांगणं, पाकीट न घेता परत पाठवणं. यातून फायदा फक्त समोरच्याचा होतो. समन्स नाकारलं तरी ते बजावलं गेलं असं न्यायालय धरू शकतं, ते दारावर चिकटवताही येतं. मग तुमची बाजू न ऐकता एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे निकाल, होतो आणि वर्षभराने घरावर जप्ती आली की माणूस रडत कोर्टात धावतो.

समन्स घ्या, त्यावरची तारीख आणि न्यायालयाचं नाव वाचा. दिवाणी दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, 30 दिवसांत द्यायची असते, न्यायालय ती मुदत जास्तीत जास्त 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. एकतर्फी हुकूमनामा आधीच झाला असेल तर तो रद्द करण्यासाठी 30 दिवसांत अर्ज करता येतो. समन्स तुम्हाला रीतसर मिळालंच नव्हतं, तर हे 30 दिवस तुम्हाला हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. कधी आणि कसं कळलं ते तारखेसह लिहून ठेवा, कारण विरुद्ध बाजू पहिला हल्ला त्यावरच करते.

फुकटचा वकील आपल्यासाठी नाही, असं गृहीत धरणं

राज्यघटनेत 1976 मध्ये आलेलं कलम 39 अ आणि 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा यांनी मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली व्यक्ती यांना तो उत्पन्न न पाहता मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते, आणि 15100 हा फोन क्रमांक देशभर चालतो. या मदतीत कोर्ट फी, टंकलेखन, नकला हेही धरलेलं असतं. नेमलेला वकील पैसे मागत असेल किंवा तारखेला येत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून वकील बदलून घ्या.

होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1978 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि फुकट मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे. घरातलं कुणी तुरुंगात असेल तर पहिल्याच भेटीत विचारा: निकालाची प्रत मिळाली का, वकील कोण आहे.

जामीन मिळूनही आत राहणं

जामीन मंजूर होतो, पण रक्कम किंवा जामीनदार जमत नाही, आणि घरचे जनावरं विकायला काढतात. आधी अट शिथिल करायचा अर्ज करा. 1978 च्याच मोतीराम खटल्यात एका गवंड्याला 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने भाऊ नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला 1,000 रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडलं. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर आरोपी निर्धन आहे असं कायदाच गृहीत धरतो.

वकिलावर सोडून मोकळं होणं

प्रत्येक खटल्याला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलाकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं आणि आदेश, सगळं दिसतं. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला हे काम सोपवा.

लोकअदालतीत बसायला हरकत नाही, तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फीही परत मिळते. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आकडे, हप्ते आणि तारखा वाचल्याशिवाय सही करू नका. पटलं नाही तर नाही म्हणा, प्रकरण जसंच्या तसं कोर्टात परत जातं.

आणि वकिलावरचा विश्वास उडालाच असेल, तर फी बाकी आहे म्हणून तो तुमचे कागद अडवून ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात हे ठरवून दिलं आहे. फीचा हिशेब स्वतंत्रपणे मागता येतो. कागद मात्र लेखी मागून, यादी करून, सहीनिशी ताब्यात घ्या आणि नव्या वकिलाचं वकीलपत्र पुढच्या तारखेच्या आत दाखल करा.