बॉग रोझमेरी लावताय? आधी पाण्याचं बघा

बॉग म्हणजे दलदल, तिथे वाढणारं हे झुडूप. नाव स्वयंपाकातल्या रोझमेरीचं असलं तरी हे खायचं झाड नाही. पानात ग्रेयानोटॉक्सिन असतं, विषारी आहे. हे आधीच सांगते कारण सासूबाई इकडे अमेरिकेत, मिनेसोटात आल्या होत्या तेव्हा बटाट्यांवर घालायला म्हणून दोन शेंडे खुडून घेऊन आल्या होत्या, नशीब मी ओट्यापाशीच होते.

झाड गुडघ्याच्या खालीच राहतं, पानं बारीक, निळसर हिरवी, बर्फातही गळत नाहीत आणि मे महिन्यात गुलाबी इवल्या घागरी लटकतात. पुण्याला बॅगेत घालून न्यायचा विचार असेल तर सोडा, तिकडच्या उन्हाळ्यात टिकणार नाही.

टब कुठलाही चालेल, फक्त भोक तळाला पाडू नका, बाजूला तळापासून दोन-तीन इंच वर पाडा म्हणजे खाली पाणी साठून राहतं. दोन भाग पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), एक भाग परलाइट (पांढरे हलके खडे). बागेतली माती, कंपोस्ट, शेणखत काहीही नाही. कोरडं पीट पाणी घेतच नाही, वरून घरंगळून जातं, म्हणून कोमट पाणी घालून कणकेसारखं हाताने मळून घ्या, मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब पडले की झालं. सकाळचं ऊन, दुपारी थोडी सावली.

आता पाणी. माझी पहिली दोन झाडं इथेच मेली.

सगळीकडे लिहिलेलं असतं 'माती ओली ठेवा', मी इमानदारीत रोज नळाचं पाणी घालत होते, आणि जुलैपर्यंत पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. मला वाटलं उपाशी आहे, खत घातलं, तर शेंडेच करपले. शेवटी पीएचची पट्टी (आंबटपणा मोजायची, आकडा जितका कमी तितकं आंबट) आणून पाहिलं तर टबातलं पीट सातच्या वर गेलेलं, आणि या झाडाला हवं साडेचार-पाचच्या आसपास! आमच्या नळाचं पाणी जड, किटलीत पांढरा थर बसतो तसलं. त्यातला चुना पीटचा आंबटपणा मारतो, मग लोह असूनही मुळांना घेता येत नाही. आमच्या उत्तरेला वास्किशजवळ बिग बॉग आहे, दलदलीवरून मैलभर पायवाट केलीय, तिथे हे झाड आपोआप वाढतं. खऱ्या बॉगला पाणी फक्त आभाळातून मिळतं, वर स्फॅग्नम शेवाळ ते आणखी आंबट करतं. आणि मी त्याला नळाचं पाजत होते.

तेव्हा पावसाचंच पाणी. पन्हाळीखाली पिंप ठेवा. हिवाळ्यात बर्फ बादल्यांत भरून वितळवा, बादलीभर भुसभुशीत बर्फाचं जेमतेम तांब्याभर पाणी होतं ही गोष्ट वेगळी. पण ड्राइव्हवेच्या कडेचा बर्फ घेऊ नका, त्यात मीठ असतं. काहीच नसेल तर दुकानातलं डिस्टिल्ड. आणि 'व्हिनेगर टाका', 'कॉफीचा चोथा टाका' म्हणणाऱ्यांचं प्लीज ऐकू नका, व्हिनेगरचा परिणाम टिकत नाही आणि वापरलेल्या चोथ्यात आंबटपणा फारसा उरलेलाच नसतो. पानं पिवळी पडलीच तर सगळं पीट बदला, खत नाही.

फुलं संपली की शेंडे हलके छाटा.

थंडीत घरात घेऊ नका. आई दर डिसेंबरला फोनवर म्हणते 'अगं आत घे, गारठेल बिचारं', पण त्याला थंडीची झोप लागते, हीटरच्या हवेत वाळून जाईल. टब मात्र जमिनीत काठापर्यंत पुरा नाहीतर मुळं गोठतात, वर बर्फ साचला तर तसाच राहू द्या, तेच पांघरूण.

नवीन रोप विकत घेऊ नका, महाग पडतं. खालची एखादी फांदी वाकवून ओल्या पीटमध्ये दाबा, वर दगड ठेवा, पुढच्या वर्षी मुळं धरली की कापून वेगळी करा.