हर्णैच्या लिलावात आधी जागा धरा

दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की नवखा फोटोग्राफर गर्दीमागे धावतो आणि घरी फोटोत माणसांची नुसती डोकी घेऊन येतो. मीही आणली आहेत. त्यापेक्षा आधी पार्श्वभूमी ठरवा: समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला, वर मोकळं आभाळ. मग उकिडवं बसून कॅमेरा वाळूपासून वीतभर उंचीवर धरा. ओहोटीच्या ओल्या वाळूत प्रतिबिंब आपसूक मिळतं. आता हलू नका. टोपली घेतलेली कोळीण चौकटीत शिरेल. तिचं डोकं किल्ल्याच्या तटाच्या रेषेच्या वर, आभाळात आलं की बटण दाबा. मावळता सूर्य समोर असेल तर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, एक-दीड स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), आकृती काळीभोर उठते. जवळून चेहरा हवा असेल तर आधी विचारा. सोबत पापलेटचा भावही विचारलात तर उत्तमच.