सेल्फ लागत नाही म्हणून बॅटरी बदलताय? जुन्या मोटारसायकलच्या बाबतीत या चुका टाळा

दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या मोटारसायकलचा सेल्फ लागेनासा झाला, की आपल्या सोलापुरात बहुतेक जण थेट नवी बॅटरी बसवून मोकळे होतात. मीही तेच केले होते. नवी बॅटरी चार दिवस चालली, पाचव्या दिवशी सात रस्त्याला बटण दाबताच तीच जुनी कटकट ऐकू आली, आणि अखेर दोष निघाला तो बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडून इंजिनाकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या जाड वायरीत, जिच्या बोल्टखाली गंज आणि ऑइलमध्ये कालवलेल्या धुळीचा थर बसला होता. जुनी बॅटरी तोपर्यंत दुकानात बदल्यात दिली होती, आणि आता वाटते की तिच्यात काहीही बिघाड नव्हता.

बटण दाबल्यावर गाडीतून नेमका कोणता आवाज येतो, हे न ऐकताच पाना हातात घेणे ही सगळ्यांत मोठी चूक आहे. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरत असेल आणि तरीही पेट घेत नसेल, तर सेल्फचे काम चोख चालले आहे असे समजावे आणि दोष पेट्रोल, कार्ब्युरेटर किंवा प्लगमध्ये शोधावा. जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या गार सकाळी, चोक न ओढता सेल्फवर सेल्फ मारून चांगली बॅटरी उतरवणारे लोक मी दरवर्षी पाहतो. बटण एका वेळी पाच सेकंदांहून अधिक दाबू नये आणि पुढच्या प्रयत्नाआधी निदान पंधरा-वीस सेकंद थांबावे, कारण ही छोटी मोटर फार लवकर तापते.

मोटर फिरल्याचा भर्र आवाज येतो पण इंजिन जागचे हलत नाही, अशा वेळी स्टार्टरचा वन-वे क्लच (मोटरची फिरकी इंजिनाला देणारा भाग) झिजलेला असण्याची शक्यता अधिक असते; तिथे बॅटरी बदलून काहीही साध्य होत नाही आणि इंजिनाची बाजू उघडावीच लागते. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर रोज सेल्फ मारल्याने इंजिन उलटा झटका देते आणि त्या झटक्यांनी हाच क्लच लवकर खराब होतो, हेही लक्षात ठेवावे.

काहीच आवाज येत नसेल, तर आधी किल स्विच, फ्यूज, न्यूट्रल आणि क्लच लिव्हरपाशी असलेला छोटा स्विच पाहावा. वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याने गाडी धुतल्यानंतर सेल्फच्या बटणात पाणी शिरून आतील संपर्क काळे पडतात, आणि हा दोष बटण उघडून साफ केल्याने बहुधा जातो.

खरी फसगत होते ती नुसता ‘कट’ असा आवाज येतो तेव्हा. हा आवाज रिलेचा, म्हणजे बटण दाबल्यावर बॅटरीचा जाड करंट मोटरकडे सोडणाऱ्या स्विचचा असतो, म्हणजे बटणापासून रिलेपर्यंतचा मार्ग शाबूत आहे. पण मोटरपर्यंत पुरेसा करंट पोहोचत नाही. येथे पुष्कळ जण हॉर्न वाजवून पाहतात आणि तो वाजला की बॅटरी ठीक ठरवतात. हॉर्नला थोडे अँपिअर पुरतात, सेल्फच्या मोटरला मात्र त्याच्या कित्येक पट करंट लागतो, त्यामुळे हॉर्नची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. हेडलाइटवर तर अजिबात विसंबू नये, कारण अनेक जुन्या गाड्यांत तो बॅटरीवर नसून मॅग्नेटोवर (इंजिन फिरल्यावर वीज तयार करणाऱ्या भागावर) चालतो आणि इंजिन बंद असताना लागतच नाही.

म्हणून साधा मल्टीमीटर घ्यावा. तो एका नव्या बॅटरीपेक्षा खूप स्वस्त पडतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, १२ च्या जवळ असेल तर जवळजवळ उतरलेली आहे. मग सेल्फ मारत असतानाच आकडा पाहावा. तो ९.५ च्या खाली कोसळला तर बॅटरी आधी चार्ज करून पुन्हा तपासावी, आणि तरीही कोसळत असेल तरच ती बदलावी. आकडा ११ च्या वर टिकून असेल आणि मोटर फिरत नसेल, तर करंट वाटेत कुठेतरी अडतो आहे. तो कुठे अडतो हे शोधण्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून कोणाला तरी बटण दाबायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे. रिलेच्या दोन जाड बोल्टांवरही हीच चाचणी करावी. माझ्या गाडीत ही तपासणी दोन मिनिटांत झाली असती.

गंजलेले टोक पॉलिश पेपरने चकचकीत करून घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरी काढताना निगेटिव्ह वायर आधी सोडावी आणि लावताना ती शेवटी जोडावी, नाहीतर पाना फ्रेमला लागून मोठी ठिणगी पडते. स्क्रूड्रायव्हरने रिलेचे दोन बोल्ट जोडून मोटर फिरवण्याची गॅरेजमधली युक्ती मला पटत नाही. पेट्रोल गळत असेल तर ती ठिणगी महागात पडेल, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर ती पुढे उडी घेईल.

मोटरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचूनही ती फिरत नसेल, किंवा वर हलकेच ठोकल्यावर फिरत असेल, तर बहुधा आतील कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे छोटे तुकडे) घासले आहेत. अशा वेळी पूर्ण मोटर बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रीला आधी कार्बनचा सेट टाकून पाहायला सांगावे. मोटर उघडताना वॉशरांचा क्रम मोबाईलवर टिपून ठेवावा.

आता सोलापूरच्या उन्हाळ्याविषयी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पाणी भरण्याच्या बॅटरीतील पातळी झपाट्याने खाली येते. त्यात नळाचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी घालणे म्हणजे प्लेटा स्वतःच्या हाताने खराब करणे होय, आणि ॲसिड घालणे तर त्याहून वाईट, कारण उडून जाते ते पाणी. ॲसिड आतच राहते. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. उतरलेली बॅटरी घाईने चार्ज करू नये. ९ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण ०.९ अँपिअरने, रात्रभर, सावकाश चार्जिंग द्यावे. घरापासून नवी पेठेपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत दर दुकानापुढे सेल्फ मारला, तर खर्च झालेला करंट भरून निघायला वेळच मिळत नाही. जुन्या गाडीला किक असेल तर अशा दिवशी तीच वापरावी.

दुरुस्ती झाल्यावर इंजिन सुरू ठेवून, थोडी रेस देऊन, बॅटरीवरचा आकडा एकदा पाहावा. तो १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असला पाहिजे. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचे व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो नवी बॅटरीही उकळून टाकील. रेस देऊनही तो १२.५ वरच अडकून राहत असेल, तर चार्जिंगच होत नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच कटकट ऐकावी लागेल.