स्काऊटचा चार्ज गळ्यात पडला तेव्हा

आमच्या स्टाफरूममध्ये स्काऊटचा चार्ज कुणी मागून घेत नाही, तो गळ्यात पडतो. मी वयानं सगळ्यांत लहान, बिनलग्नाचा आणि गावातच राहणारा. एवढ्या तीन पात्रतांवर जूनच्या पहिल्याच सभेत माझं नाव लिहिलं गेलं. आधीचे सर निवृत्त होताना पत्र्याची एक पेटी सोडून गेले होते. आत बारा वॉगल (गळ्यातला स्कार्फ अडकवायच्या कड्या), कसरीनं खाल्लेला झेंडा, एक शिट्टी आणि दोरांचा असा गुंता की शिपाईमामा म्हणाले, "सर, हे गुऱ्हाळाच्या चुलाणात घाला."

यंदा ज्यांच्या गळ्यात हे पडलं असेल त्यांच्यासाठी लिहितोय. काय करायचं ते अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत सगळं आहे. काय करायचं नाही, ते मला वर्षभर आपटत-धोपटत कळलं.

आमची शाळा फलटणजवळ. शाळा उघडून थोडे दिवस होतात न होतात तोच ज्ञानोबांची पालखी येते. लोणंद, मग चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, तरडगाव, आणि पुढं फलटणच्या विमानतळावर तळ. हेडसर म्हणाले, पोरं सेवेला न्या. पोरांची दीक्षा, म्हणजे स्काऊट म्हणून वचन घेणं, झालेली नाही, गणवेश नाही, मीही नुसता नावाचा स्काऊटमास्टर. तरी ३२ स्कार्फ शिवून घेतले आणि गेलो.

पिंपात पाणी भरायचं, पेले धुवायचे, चपला सांभाळायच्या, पायाच्या फोडांना मलम लावायचं. कामं चार, पोरं ३२, आणि सांगणारा मी एकटा. "ए, तू पेले धू. तू इकडं ये. अरे, चपला कोण बघतंय?" दुपारपर्यंत माझा घसा बसला होता. पेले धुवायला अकरा जण आणि चपलांपाशी कुणीच नाही. एका माउलींचा जोड काही केल्या सापडेना, तेव्हा मी माझा दिला आणि अनवाणी घरी आलो.

त्या दिवशी एकच गोष्ट नीट झाली, आणि ती मी सांगितलेली नव्हती. एक आजी दिंडीपासून चुकून रडकुंडीला आली होती. मी तिचं नाव-गाव विचारत बसलो. आठवीतला एक पोरगा मध्ये घुसला, "आजी, दिंडी कितवी? रथापुढची का रथामागची?" आजीला आकडा पाठ होता. दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढच्यांचे वेगळे आणि रथामागच्यांचे वेगळे, हे मलाही माहीत होतं. त्या गडबडीत सुचलं नाही. त्या पोराच्या घरी दरवर्षी एक दिंडी जेवायला असते. आजीला तिच्या माणसांत सोडून तो अर्ध्या तासात परत आला आणि पुन्हा पेले विसळायला बसला.

ऑगस्टात मला स्काऊटमास्टरच्या सात दिवसांच्या बेसिक कोर्सला धाडलं. हा कोर्स टाळू नका. तिथं शिक्षकांचेच संघ पाडतात. आमच्या संघात पन्नाशी उलटलेले एक मुख्याध्यापक होते, त्यांच्याकडं भांडी घासायचं काम आलं. आणि संघनायक माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की प्रशिक्षक आम्हाला थेट फारसं काही सांगतच नाहीत. ते संघनायकांना बाजूला बोलावतात, त्यांना सांगतात आणि झाडाखाली जाऊन बसतात. स्काऊटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा वीसेक मुलांचे चार संघ पाडून एकेका संघाची जबाबदारी एकेका मुलाकडं दिली होती. ही माहिती मी परीक्षेपुरती पाठ केली होती. पालखीतला बसलेला घसा आठवला तेव्हा तिचा अर्थ लागला.

परत आल्यावर आठ-आठांचे चार संघ केले. संघात सहा ते आठ मुलं आणि पथकात जास्तीत जास्त ३२, हे गणित उगाच घातलेलं नाही. आठ पोरांना एक तेरा वर्षांचा पोरगा सांभाळू शकतो. बारांना सांभाळताना तो ओरडायला लागतो, म्हणजे माझ्यासारखाच होतो. संघनायक निवडताना वर्गातला पहिला नंबर घेऊ नका, सरपंचांचा नातूही नको. ज्याच्या मागं पोरं मधल्या सुट्टीत आपणहून जातात तो घ्या. दिंडीवाला पोरगा अभ्यासात यथातथाच होता, पण त्याच्या संघानं त्याचंच नाव सांगितलं.

मग दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत चौघांना घेऊन बसायचं. याला कोर्ट ऑफ ऑनर असं भारदस्त नाव आहे. आमचं लिंबाखाली डबा खाता खाता चालायचं. शनिवारी शाळा सकाळची, ती सुटल्यावर पथकाची सभा. सभेत काय करायचं ते शुक्रवारी ठरायचं आणि पोरांना सांगायचं काम चौघांचं. पहिले तीन शनिवार नुसता गोंधळ झाला. मी हात मागं बांधून उभा. बाकीचे शिक्षक स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होते, तेच जास्त अवघड गेलं.

गाठी फळ्यावर शिकवू नका. मी दोन शनिवार खडूनं दोर काढत बसलो आणि माझीच गाठ चुकली. खुंटा गाठ सुरू केली तेव्हा वस्तीवरचा एक पोरगा म्हणाला, "सर, ही तर दाव्याची गाठ." त्यानं खांबाकडं न बघता ती मारली. त्याच्या घरी चार म्हशी. त्या दिवसापासून गाठींचा मास्तर तो झाला. डॉक्टरी गाठ मात्र मी शिकवली: डाव्यावर उजवं, मग उजव्यावर डावं. ही गाठ सपाट बसते म्हणून बँडेजला वापरतात. परीक्षा घ्यायची तर डोळे मिटून, हात पाठीमागं घेऊन, स्वतःच्या स्कार्फची घ्या. वहीतल्या आकृतीला गुण देऊन काही उपयोग नाही.

दीक्षाविधी सप्टेंबरात झाला. पालक आले होते, हेडसर इस्त्रीच्या कपड्यांत, आणि झेंडा वर जाऊन उघडलाच नाही. दोरी ओढली, हिसका दिला, सगळ्यांच्या माना वर. शेवटी खाली घेऊन पुन्हा बांधला. तेव्हा समारंभाच्या सकाळी त्याच दोरीनं, त्याच खांबावर एकदा झेंडा उघडून बघाच. गणवेशासाठी मात्र अडून बसू नका. राखाडी शर्ट आणि गडद निळी पँट सगळ्यांना एकदम परवडत नाही. स्कार्फ आणि वॉगल असला की पोरगं स्काऊट झालं.

दिवसाला एक सत्कृत्य करायचं आणि ते होईपर्यंत स्कार्फच्या टोकाची गाठ सोडायची नाही, असा जुना रिवाज आहे. आमच्याकडं पहिल्या तासाआधीच ३२ गाठी सुटायच्या. "सर, फळा पुसला."

खरी कमाई, म्हणजे पोरांनी स्वतः कष्ट करून पैसे मिळवायचा उपक्रम, याबद्दल जरा रागानं लिहितो. बहुतेक शाळांत खरी कमाई म्हणजे आनंद मेळावा. आया पहाटे उठून इडल्या करतात, वडे तळतात, पोरं टेबलामागं उभी राहतात, शिक्षक कूपनं फाडतात आणि फोटो निघतो. गल्ला मोठा जमतो, पण त्यात पोरांची कमाई ती काय? दिवाळीनंतर आमच्याकडंही हाच बेत होता. ७ नोव्हेंबरला, भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या १९५० सालच्या स्थापनेचा दिवस म्हणून, झेंड्याचे स्टिकर वाटून झाले होते, आणि शुक्रवारच्या बैठकीत मी मेळाव्याचा विषय काढला. एक संघनायक म्हणाला, "सर, मग कमाई आईची झाली ना?"

त्याला काय उत्तर देणार? एकाच वेळी दोन्ही केलं. तीन संघांनी मेळावा केला, त्याच्या संघानं दोन शनिवार शाळेसमोर गाड्या पुसल्या. सायकल पाच रुपये, दुचाकी वीस. बादल्या घरच्या, चिंध्या घरच्या. एका गृहस्थांनी चिखलाचा ट्रॅक्टर आणून उभा केला. त्याचे पैसे काय घ्यायचे यावर संघात अर्धा तास वाद झाला आणि ऐंशी ठरले. एकूण ५६० रुपये जमले. मेळाव्याच्या मानानं काहीच नाही. पण त्या पैशांचा हिशेब पोरांनी असा ठेवला होता की आमच्या क्लार्कना दाखवावा. त्यातून दोर आणि प्रथमोपचाराचं सामान आणलं. त्या संघाची पोरं ते दोर दुसऱ्या संघाला हात लावू देत नसत, हा एक नवाच ताप झाला.

डिसेंबरात ताथवड्याच्या संतोषगडावर भ्रमंती. आधीची तयारी थोडक्यात: पालकांची लेखी संमती, सोबत दुसरा मोठा माणूस, प्रत्येक संघाकडं पाणी, शिट्टी आणि बँडेज. गडांवर आग्या मोहोळं असतात, म्हणून अंगाला अत्तर-सेंट नको, धूर नको, आरडाओरडा नको. हे संघनायकांकडूनच सांगून घ्या. आपण सांगितलं की ती सूचना होते, त्यानं सांगितलं की पोरं ऐकतात.

वाटेवरच्या खुणांचा खेळ ठेवला होता. एक संघ अर्धा तास आधी निघाला, खुणा मांडत. दगडांचा बाण म्हणजे या वाटेनं या. फुली म्हणजे इकडं नाही. चौकोनात आकडा आणि बाण म्हणजे त्या दिशेला तितक्या पावलांवर चिठ्ठी लपवली आहे. वर्तुळात ठिपका म्हणजे काम संपलं, घरी गेलो. सगळ्या खुणा वाटेच्या उजव्या हाताला, आणि प्रत्येक फाट्यावर खूण पाहिजेच. हे सगळं कागदावर छान होतं. आमच्या हिशेबात शेळ्या नव्हत्या. मधल्या एका वाडीपाशी कळप गेला आणि फाट्यावरचा बाण त्यांच्या पायांनी उधळला.

गडावर तीन संघ पोचले, चौथा नाही. मी अर्धा तास वाट बघितली आणि मग दुसऱ्या सरांवर पोरं सोपवून खाली पळत सुटलो. फोनला रेंज नाही. फाट्यावर आलो आणि मीही चुकीची वाट धरली. काट्यांतून, ओढ्यातून पाऊण तास हाका मारत फिरलो. तेवढ्या वेळात मनात काय काय आलं ते इथं लिहीत नाही. आठ जणांच्या घरचे चेहरे एकेक करून आले एवढंच. शेवटी शिट्टीचा आवाज आला. तीन लांब, मग शांत. पुन्हा तीन. आवाजाच्या रोखानं गेलो तर माझी आठ पोरं एका वस्तीसमोर बाभळीखाली बसलेली. खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपाशी परत यायचं, तिथून हलायचं नाही आणि थोड्या थोड्या वेळानं शिट्टी मारायची, असं त्यांच्या संघनायकानं आदल्या दिवशीच संघात ठरवलं होतं. मला हे माहीत नव्हतं. माझ्या नियमांत ते नव्हतंच.

तेव्हा हा नियम तुम्ही आधीच घालून ठेवा. आणि खुणा मांडताना फाट्यावरची खूण झाडाला सुतळीनं बांधा.

जानेवारीत दोन रात्रींचं शिबिर. तंबू, शेकोटी, आरोळ्या, पावसाची टाळी, हे सगळ्यांना आवडतं आणि त्यात आपल्याला फार काही करावं लागत नाही. भांड्यांशिवाय स्वयंपाकाचं एक सांगतो: बटाटा पानांत गुंडाळून वर चिखल लिंपून निखाऱ्यात घातला की झकास भाजतो, पण अंडं घालणार असाल तर आधी टोकाला बारीक भोक पाडा. आमचं एक फुटलं आणि अर्धा तास पोरं त्याचीच गोष्ट एकमेकांना सांगत होती.

ताटं ठेवायला बांबूचा रॅक करायचा असतो. चौकोनी बांधणी खुंटा गाठीनं सुरू होते, मग दोन्ही बांबूंना वेढे, मग बांबूंच्या मधून दोर आवळत घेतलेले ताणाचे वेढे, आणि शेवट पुन्हा खुंटा गाठीनं. पोरं ताणाचे वेढे हमखास गाळतात, कारण त्यांच्याशिवायही रॅक उभा राहिलेला दिसतो. एका संघाचं हे मी संध्याकाळीच बघितलं होतं. बोललो नाही. सकाळी परीक्षक समोर असताना रॅक बसला आणि आठ ताटं घरंगळली. गुण गेले, संघनायक माझ्याकडं बघतच राहिला. पण रॅकच्या जागी चूल असती, किंवा रात्री वाऱ्यात तंबूचा खुंटा सैल दिसला असता, तर मी लगेच ओरडलो असतो. कुठं गप्प बसायचं आणि कुठं नाही याची मला सापडलेली खूण एवढीच: चुकीची किंमत ताटं असतील तर गप्प बसा.

स्काऊटसाठी परीक्षेत मिळणाऱ्या वाढीव गुणांचं पालक विचारतात. विचारणारच. त्यांना सरळ सांगा की प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आणि मग राज्य पुरस्कार अशी ही चढण आहे. प्रत्येक पायरीला महिने जातात आणि ते उरकता येत नाहीत. म्हणून दहा वर्षं पुरी झालेली पाचवी-सहावीची पोरं घ्या. मी आठवी-नववीची जास्त घेतली, ती चूक झाली. गुणांचे नियम त्या त्या वर्षीच्या परिपत्रकातून बघून मगच बोला, तोंडी शब्द देऊ नका.

मार्चमध्ये प्रथम सोपानासाठी लॉगबुकं तपासायला घेतली. बरीचशी एकमेकांवरून उतरवलेली, ठळक शीर्षकं, स्केचपेननं काढलेली किनार. "आम्ही गडावर गेलो. खूप मजा आली." ३२ वेळा खूप मजा आली. ज्याच्या घरी चार म्हशी आहेत त्या पोराच्या वहीत संतोषगडाचं पान अर्धंच भरलेलं होतं. त्यात त्यानं लिहिलं होतं: "आम्ही शेवटच्या खुणेपाशी बसलो होतो. सर हरवले होते. आम्ही शिट्टी मारून त्यांना बोलावलं. वस्तीवरच्या काकूंनी दोनदा चहा दिला, सरांनी प्याला नाही."

खाली सही करून गुण द्यायची जागा होती. मी सही केली.