मुलांनी जवानाला आभाराचं पत्र कसं लिहावं

आधी पत्ता मिळवा, मग पत्राला बसा. पाकिटावर ‘सीमेवरील जवानास’ एवढंच लिहिलं, तर पोस्टाने ते न्यायचं कुठे? खान्देशात पत्ता बहुतेक वेळा गावातच मिळतो. आपल्या किंवा शेजारच्या गावचं कुणी फौजेत असेल तर त्यांच्या घरी जाऊन विचारा. जवान सुट्टीवर आलेला असेल तर उत्तमच, वर्गाचा अख्खा गठ्ठा त्याच्या हाती द्या, तो सोबत्यांना वाटेल. ओळखीचं कुणीच नसेल तर माजी सैनिकांकडे किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

लष्करी पत्त्यात गाव नसतं. सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, कंपनी, युनिट, मग ‘केअर ऑफ ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. पुढे पत्र पोचवायचं काम लष्कराचं टपाल खातं करतं, म्हणून पिन आणि युनिट दोनदा ताडून बघा. मदत म्हणून ‘सियाचीन’ किंवा ‘काश्मीर’ लिहू नका. पत्ता मोठ्यांनी इंग्रजीत, सुट्या अक्षरांत घालावा. भरलेल्या पाकिटाचा फोटो शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुळीच टाकू नका. युनिटचा पत्ता असा फिरवायचा नसतो.

आता मजकूर. इथेच मोठी माणसं घोटाळा करतात. फळ्यावर ‘आपण डोळ्यांत तेल घालून पहारा देता’ लिहायचं आणि चाळीस मुलांनी ते उतरवायचं, अशी पत्रं जवान दोन वाचतो आणि बाकीची बाजूला ठेवतो. मुलाला सांगू द्या, लिहून देऊ नका. आठ-दहा ओळी भरपूर झाल्या. सुरुवात ‘प्रिय जवान दादा’ किंवा ‘ताई’, मग नाव आणि इयत्ता, मग आभार कशाचे ते एका वाक्यात. ‘आखाजीला आम्ही झोके घेत होतो, तेव्हा तुम्ही ड्यूटीवर होता, म्हणून थँक्यू’ हे वाक्य तिसरीतलं मूल सहज लिहितं. पुढे घरची खबर: केळीला घड लागले, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली, कानबाई देवीच्या सणाचे रोट झाले. जवान खान्देशातलाच असेल तर ‘मना नाव अमुक शे’ अशी अहिराणी ओळ जरूर येऊ द्या. घरापासून लांब असलेल्याला ती फार जवळची वाटते. तो परप्रांतातला असेल तर पत्र सोप्या हिंदीत लिहावं. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करू नका, वाचता आलं की पुरे.

शेवटी एखादा प्रश्न हवा, म्हणजे उत्तर द्यायला धागा मिळतो. ‘तुम्हाला जेवणात काय आवडतं?’ चालेल. ‘तुम्ही कुठे आहात?’, ‘किती शत्रू मारले?’ हे नको. पहिल्याचं उत्तर तो देऊ शकत नाही, दुसरं विचारूच नये.

लिहायला बॉलपेन घ्या. जेल पेनची शाई ओल लागली की पसरते. चित्र रंगीत पेन्सिलींनी काढावं, तेलखडू घडीत घासून समोरच्या अक्षरांवर उतरतात. चमकी, नाणी, खाऊ पाकिटात घालू नका. साधा ए-फोर कागद सुमारे ५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे दोन कागद आणि पाकीट टपालाच्या पहिल्या, २० ग्रॅमच्या टप्प्यात बसतं. कार्डशीट घातली तर आधी पोस्टात वजन करून घ्या.

पाठवणाऱ्याच्या जागी मुलाचं पहिलं नाव, इयत्ता आणि शाळेचा पत्ता घाला. घरचा पत्ता, मोबाईल नंबर नको.

७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वज दिनाला पोचवायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधीच लिहायला घ्या, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पोस्टात पडलं पाहिजे. राखी किमान तीन आठवडे आधी टाका, तीही चपटी. फुगीर राखी शिक्के मारताना चेपते आणि पाकीट फाटतं.

जवानाची बदली होते, युनिट हलतं, म्हणून उत्तर येईलच असं नाही, हे मुलाला पेटीत पत्र टाकण्याआधीच सांगा. आलं तर ते शाळेत येईल, तेव्हा मुख्याध्यापकांना आणि गावच्या पोस्टमनला आधीच कल्पना देऊन ठेवा.